तिसऱ्या रकान्यातलं नाव

लवंग जन्मला तेव्हा उभा राहून जेमतेम माझ्या गुडघ्याला लागत होता. पाय काटक्यांसारखे, आणि कान मात्र कुणा मोठ्या घोड्याचे चुकून बसवल्यासारखे. रंग काळपट तपकिरी, म्हणून लवंग. नाव मी ठेवलं. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळं नावावरूनच झालं.

त्याच्या आईला, बुंदीला, पहिले आठ दिवस दूधच उतरलं नाही, नंतरही ते पुरलं नाही. दर दोन तासांनी बाटली द्यायची होती आणि ती मी दिली. माझी मुलगी ठमी तेव्हा सात महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. लवंग भुकेने खिंकाळला की माझा कुर्ता ओला व्हायचा. आमच्या पागेच्या मालकीण नलूताई बर्गे ते पाहून हसल्या. "ओवी, तुझ्या शरीराचा गोंधळ उडालाय. बाळ कुठलं, शिंगरू कुठलं, काही कळेना त्याला."

"गोंधळ नाही ताई," मी म्हटलं. "दोघांनाही ओळखतंय ते."

तेव्हा मला या उत्तराचा फार अभिमान वाटला होता.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी नलूताईंची पागा आहे. फक्त छोट्या घोड्यांची. पूर्ण वाढलेला घोडासुद्धा माझ्या कमरेच्या खालीच राहतो. पूर्वी असे घोडे हौसेला पाळायचे, लग्नाच्या हॉलबाहेर उभे करायचे. आता ते काम करतात. अंध माणसाला रस्ता पार करून देतात, विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या खोलीत तासन् तास उभे राहतात. कुत्रा दहा-बारा वर्षांत जातो, छोटा घोडा तीस वर्षं साथ देतो. पुण्या-नाशकातल्या वृद्धाश्रमांची मागणी एवढी आहे की आमच्याकडे दोन वर्षांची यादी लागलेली असते. पण त्यासाठी घोडा शांत हवा. मुळापासून शांत. फटाका वाजला, कुकरची शिट्टी झाली, कुणी अंगावर ओरडलं, तर दचकेल खुशाल. पण दचकून परत जागेवर यायला हवा.

कुठलं शिंगरू पुढे वंश वाढवायला ठेवायचं, हे पूर्वी डोळ्यांनी ठरायचं. पाय सरळ आहेत का, वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसतात का, कपाळ फुगीर तर नाही. मग रक्ताची तपासणी आली. छोट्या घोड्यांमध्ये खुजेपणाचा एक दोष असतो, आणि गंमत अशी की तो दोष निम्माच आला, एकाच बाजूने, तर घोडा अजून लहानखुरा आणि गोंडस दिसतो. लोक वर्षानुवर्षं नेमके तेच घोडे बक्षिसं देऊन निवडत होते, आणि त्यांच्या पोटी वाकड्या पायांची, धाप लागणारी पिल्लं येत होती. रक्ताच्या तपासणीने ते थांबलं. लवंग त्यात स्वच्छ निघाला.

स्वभाव मात्र रक्तात सापडत नव्हता. सहा वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत त्याचा पत्ता लागला. जनुकं म्हणजे छापलेलं पुस्तक धरलं, तर त्यातल्या काही ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या असतात. या ओळी मोठ्याने वाच, या सोडून दे. या रेघा शिंगराच्या पहिल्या नव्वद दिवसांत पडतात. त्याला कुणी जवळ घेतलं, घाबरल्यावर कुणी उभं राहिलं, भूक लागल्यावर किती वेळ रडावं लागलं, यावरून. प्रत्येक नव्या पिढीत अशा रेघा खोडल्या जातात अशीच सगळ्यांची समजूत होती. पण छोट्या घोड्यांच्या नरांमध्ये त्यातल्या काही रेघा खोडल्याच जात नाहीत, पिल्लांमध्ये उतरतात. म्हणजे लवंगला तीन महिने ज्याने वाढवलं, त्याचा हात लवंगच्या पोरांच्या आणि नातवंडांच्या पाठीवरही राहणार.

मेंदूतल्या रेघा जिवंत शिंगरात वाचता येत नाहीत, पण काळजावरून ओळखता येतात. त्यासाठी लय-पट्टा आला. एक पट्टा शिंगराच्या छातीला, एक धरणाऱ्याच्या मनगटाला. शिंगरासमोर अचानक छत्री उघडायची. त्याचे ठोके वाढतात. ते पुन्हा मूळ लयीवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. याला म्हणतात परतीचा वेळ. नव्वद सेकंदांच्या आत परतला तर तो नर वंशासाठी ठेवतात. नाही परतला तर आठवड्याच्या आत खच्ची करतात. चांगला कामाचा घोडा होतो तो, पण त्याची ओळ तिथे संपते.

आणि वंशावळीच्या दाखल्यात, जिथे पूर्वी बाप आणि आई असे दोनच रकाने असायचे, तिथे तिसरा आला. संगोपन. तिथे एकच नाव लिहितात. शिंगराच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या दाखल्यांवर ते नाव जातं.

तोवर आमच्या पागेत भांडणं व्हायची ती खराऱ्यावरून, बादलीवरून. तिसरा रकाना आला आणि बायका शिंगरांवरून भांडायला लागल्या.

*

पागेत एक रीत आहे, लय-पट्ट्याच्या आधीपासूनची. शिंगराला सांभाळणारीने अंगावरचं एक न धुतलेलं कापड त्याच्या ठाणात, म्हणजे राहायच्या कप्प्यात, गव्हाणीच्या खिळ्याला बांधायचं. माणूस नसला तरी वास असतो. मी माझा जुना निळा कुर्ता बांधला होता.

लवंग पंचवीस दिवसांचा झाला आणि ठमीला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखाना, मग घरी तीन आठवडे. मी सगळं सोडून तिच्यापाशी बसले. नलूताईंचा फोन आला. "आधी बाळ. इथलं तेजू बघेल. रकान्यात नाव तुझंच लागायचंय, ते कुठे जात नाही."

तेजू म्हणजे तेजस्वी बिरामणे. बावीस वर्षांची. तिच्या आजोबांचे पाचगणीच्या पठारावर रपेटीचे घोडे होते. पोरगी चालायच्या आधी खोगिरावर बसली असणार. आमच्याकडे आली तेव्हा घोड्याच्या तोंडाला मोहरकी कशी घालायची हे तिला मी शिकवलं, आणि तिने ऐकून घेतलं. नंतर कळलं की तिला ते पाचव्या वर्षापासून येत होतं. मला ती आवडायची नाही असं नाही. आवडायची, तीच तर पंचाईत.

महिन्याने परत गेले तर लवंग माझ्या मांडीपर्यंत आला होता. मी ठाणाचं दार उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि कोपऱ्यात पाण्याचं घमेलं घासत बसलेल्या तेजूच्या पाठीला नाक लावून उभा राहिला. खिळ्याला पिवळी ओढणी होती. माझा कुर्ता घडी करून फळीवर ठेवला होता. व्यवस्थित घडी. चुरगळून टाकला असता तर मला बोलायला तरी जागा मिळाली असती.

"अहो ओवीताई, आलात का? ठमी कशी आहे?" ती उठून हात पुसत म्हणाली. लवंगही तिच्याबरोबर फिरला, शेपटाला बांधल्यासारखा.

"बरी आहे. वजन उतरलंय थोडं."

"याने बघा किती चढवलंय." तिने त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. मोठ्या प्रेमाने. ती थाप मला कुठे लागली ते मी सांगत नाही.

कोपऱ्यात रेडिओ लागला होता. जुनी गाणी, मोठ्या आवाजात. "हे कशाला?" मी विचारलं.

"सवय व्हावी म्हणून. आवाजाची." ती खाली बघत म्हणाली. पुढे मी रोज साडेनऊला पागेत पोचायचे तेव्हा तो रेडिओ लागलेलाच असायचा. दहाच्या सुमारास बंद व्हायचा. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा विचार केला नाही. मी दुसऱ्याच गोष्टी मोजत होते. तिने हाक मारली तर तो किती पावलांत येतो. मी मारली तर किती.

मी मारली तर यायचा. पण आधी तिच्याकडे बघून.

*

घरी वेगळं काही नव्हतं. दवाखान्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रात्रंदिवस आमच्याबरोबर होत्या आणि नंतर राहिल्याच, म्हणून तर मी कामावर परत जाऊ शकले. ठमीला त्यांच्या गाऊनची सवय लागली होती. जांभळ्या फुलांचा, शंभर वेळा धुऊन विरलेला गाऊन. आई तो घालायच्या तेव्हा ठमी त्यांच्या खांद्यावर, आणि घातला नसेल तेव्हा ठमीच्या मुठीत गाऊन. मी पागेतून यायचे, आजारपणानंतरच्या नव्या सवयीने हातपाय धुऊन, कपडे बदलून, सुगंधी साबण लावून तिला उचलायचे. ती माझ्या गळ्याशी हुंगायची आणि मागे वाकून आईंकडे हात पसरायची.

"दमून आलीस, बस जरा. मी घेते," आई म्हणायच्या. चांगल्या मनानेच.

माझा नवरा निहार स्ट्रॉबेरीच्या हरितगृहांचे यंत्रमानव दुरुस्त करतो. त्याला सगळ्यात दुरुस्तीच दिसते. "तूही एक तसला गाऊन शिव," तो म्हणाला.

मी गाऊन शिवला नाही. एका सोमवारी सकाळी आई आंघोळीला गेल्या तेव्हा मी तो घडी करून माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यात ठेवला. बाजारातून आणलेली नवी मऊ दुलई ठमीच्या पाळण्यात घातली.

"ओवी, माझा गाऊन कुठे दिसला का गं?"

"धुवायला टाकलाय बहुतेक."

त्या दिवशी ठमी दुपारी झोपली नाही. संध्याकाळी मी आले तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने माझ्या खांद्यावर मान टाकली. थकल्यामुळे टाकली हे मला कळत होतं. तरी मी तिला घट्ट धरून खिडकीपाशी उभी राहिले आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं.

*

लवंगला नव्वद दिवस होणार होते गुरुवारी. मंगळवारी नलूताईंनी आमची सरावाची फेरी घेतली. माझ्या मनगटाला पट्टा, माझ्या हातात दोर. छत्री उघडली. परतीचा वेळ अठ्ठ्याऐंशी.

"काठावर आहे," नलूताई म्हणाल्या. "तेजू, तू धर बरं एकदा."

"राहू दे ना ताई," तेजू म्हणाली.

"धर म्हणते ना."

तिच्या हातात चौपन्न.

मी म्हटलं, "माझ्या वेळी छातीचा पट्टा सैल होता." नलूताईंनी पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असेल."

नंतर त्यांनी मला पागेमागे बोलावलं. "हे बघ, गुरुवारी तेजूने धरलं तर नाव तिचं लागतं. नियमच आहे. तू धरलंस तर तुझं. मी तुझ्यावर सोडते. बुंदीचं हे शेवटचं शिंगरू. तिचा स्वभाव आता याच्यातूनच पुढे गेला तर जाईल. तुला खात्री आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. आठ दिवस दर दोन तासांनी कोण उठलं होतं?

खरंच खात्री असती, तर बुधवारी मी जे केलं ते कशाला केलं असतं. तेजू जेवायला गेली तेव्हा मी ठाणात शिरले, खिळ्यावरची पिवळी ओढणी सोडली आणि माझा निळा कुर्ता बांधला. ओढणी माझ्या पिशवीत टाकली. एका दिवसात त्याला आठवेल, असं माझं गणित होतं. पहिला वास माझाच होता. पण कुर्ता महिनाभर फळीवर पडून होता. त्याला आता माझा वास नव्हता, फळीवरच्या औषधांचा होता. घोड्यांमध्ये नऊ वर्षं काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. मला तो एकदा नाकाला लावून बघावासाही वाटला नाही.

*

गुरुवारी नोंदणी मंडळाच्या परीक्षक आल्या. वाघोलीकर बाई, पांढरे आखूड केस, पायात गमबूट. आधी त्यांनी लवंगची उंची घेतली, आयाळीच्या शेवटच्या केसापर्यंत. ओठ वर करून दात पाहिले. चारी पाय हाताने चाचपले. कपाळावरून अंगठा फिरवला. "फार छान," म्हणाल्या. "चाल दाखवा."

मी त्याला चालवला. तो चालला, पण मान वर, नाकपुड्या फुललेल्या. सकाळी त्याने अर्धाच खुराक खाल्ला होता. तेजू कुंपणाबाहेर उभी होती, ओठ दाताखाली धरून.

पट्टे बांधले. वाघोलीकर बाईंनी छत्री उघडली.

लवंग मागच्या पायांवर उभा राहिला. एवढासा जीव, पण दोराने माझा तळवा सोलला. खाली आला तो थरथरत. मी त्याला हाक मारत होते, मानेवर हात फिरवत होते, आणि तो माझ्यापासून जितका लांब जाता येईल तितका दोर ताणून उभा होता. बाईंच्या हातातल्या पडद्यावर आकडे पळत होते. नव्वद गेले. एकशेवीस गेले.

"एकशे त्रेसष्ट," त्या म्हणाल्या. मग पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. ही वरची रेघ तुमची. छत्री उघडायच्या आधीच तुमचे ठोके एकशे अठरा आहेत. आणि ही खालची त्याची, तुमच्या मागोमाग चढलेली. तो छत्रीला घाबरला नाही. तुम्ही कशाला घाबरलात ते शोधत होता."

"माझं वजा करता येत नाही?"

"थोडं करतो. पण शिंगरू माणसाच्या लयीत शिरलं की दोन्ही वेगळं काढता येत नाही. तेच तर त्याचं चांगलं आहे." त्यांनी चष्मा काढला. "तासाभराने एक फेरी अजून मिळते. धरणारी बदलली तर चालेल. पण मग संगोपनात तिचंच नाव जाईल. पहिलीचं कुठेच राहत नाही. आणि दुसऱ्यांदाही नव्वदच्या वर गेलं, तर मी आजच शेरा मारते."

शेरा म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. पशुवैद्य सोमवारी येतातच.

*

तासभर होता. मी ठाणात गवतावर बसले. लवंग दुसऱ्या कोपऱ्यात, माझ्याकडे पुठ्ठा करून. मला त्याचा राग आला, खरंच राग आला, तीन महिन्यांच्या जनावराचा. आणि त्याच वेळी असं वाटलं की याला कुणी हात लावू नये, याच्यावर सुरी चालू नये, याची पोरं माळावर पळावीत. दोन्ही एकाच छातीत.

तेजू दाराशी आली. आत आली नाही.

मी पिशवीतून तिची ओढणी काढली आणि पुढे केली. "काल मी सोडली. दुपारी, तू जेवायला गेलीस तेव्हा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी आले तर तुमचा कुर्ता."

"मग परत का नाही बांधलीस? तो खात नव्हता, दिसलं असेल ना तुला."

"तुमचं शिंगरू आहे. मी कोण सोडणारी?" ती उंबऱ्यावर बसली. ओढणी तिने घेतली पण बांधली नाही, बोटाला गुंडाळत राहिली. "ताई, मला एक सांगायचंय. तुम्ही रागवाल."

"आता काय रागावणार मी?"

"तो रेडिओ सवयीसाठी नव्हता."

"मग कशासाठी?"

"तुमच्या स्कूटरचा आवाज आहे ना, टिटवीचा," ती म्हणाली. बॅटरीच्या गाड्या मुक्या असतात म्हणून प्रत्येक गाडीला आवाज लावायचा कायदा झाला, तेव्हा मी गंमत म्हणून टिटवी निवडली होती. अख्ख्या वाईत तो आवाज माझाच. "तुम्ही घरी होता तेव्हा माळावर खरी टिटवी ओरडली तरी हा कान टवकारायचा. उठून दाराशी जाऊन उभा राहायचा. बाटली घेताना मध्येच सोडायचा. महिनाभर मी त्याचं सगळं केलं, आणि कुठे टिटवी ओरडली की हा चालला दाराशी." तिने ओढणी पुन्हा बोटाला गुंडाळली. "मग तुम्ही परत यायच्या दिवशी मी रेडिओ आणला. तुमची गाडी फाटकातून येताना त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. रोज लावला."

महिनाभर मला वाटत होतं की जळणारी मी एकटीच आहे.

"बावळट आहेस," मी म्हटलं.

"हो."

"मी पण."

"तुम्ही जास्त," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मला हसू आलं. तिलाही. लवंगने पुठ्ठा फिरवला आणि आमच्याकडे पाहिलं, काय चाललंय म्हणून.

मी उठले. खिळ्यावरचा कुर्ता सोडला. "ओढणी बांध. आणि दोर तू धर."

"नाव जाईल, ताई."

"जाईल."

"त्याची पोरं, नातवंडं, सगळ्यांच्या दाखल्यावर–"

"तेजू, मला पुन्हा पुन्हा सांगू नकोस. एकदाच जमणार आहे मला हे."

नलूताईंना मी सगळं सांगितलं, कापडाचंही. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "एवढी वर्षं मी तुझ्या डोळ्यांवर शिंगरं निवडली," त्या म्हणाल्या. "पुढच्यांदा काही खुपलं तर मला येऊन सांग. जनावराला सांगू नकोस."

दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम लांब, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले, माझी धडधड त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. तिथून फक्त छत्री उघडलेली दिसली, काळं फूल उमलावं तशी. आणि लवंगचे दोन कान. ते ताठ झाले. मग एक तेजूकडे वळला. मग दुसरा. मग दोन्ही सैल पडले.

"एकसष्ट," वाघोलीकर बाईंचा आवाज आला.

नाव लिहायला त्यांनी तेजूला बोलावलं. मी जवळ गेले नाही, पण गेल्याशिवायही राहवलं नाही. संगोपन: तेजस्वी बिरामणे. पडद्यावर अक्षरं उमटताना मी पाहिली. तो सुटला, त्याचा आनंद होता. खराच होता. आणि तो रकाना बघताना जो हेवा वाटला, तोही खरा होता. अजूनही कधी तो दाखला समोर आला की वाटतो. एका शहाणपणाने सगळं धुऊन निघतं असं मी कुणाला सांगणार नाही.

घरी जायला म्हणून मी स्कूटर सुरू केली. टिटवी ओरडली. त्या दिवशी पागेत रेडिओ नव्हता. आतून, ठाणातून, खिंकाळल्याचा आवाज आला. बारीक, लांबलचक. मी गाडी बंद केली नाही, मागेही गेले नाही. फाटकात मात्र थोडा वेळ उगाच थांबले आणि टिटवीला आणखी दोनदा ओरडू दिलं.

*

घरी पोचले तेव्हा मनगटाला पट्टा तसाच होता. तेजूला दुसरा बांधला होता, हा काढायला मी विसरले होते. ठमी रडत होती. आई तिला घेऊन येरझारा घालत होत्या, गाऊनऐवजी कडक इस्त्रीच्या नव्या ड्रेसमध्ये. चार दिवस त्या दमलेल्या दिसत होत्या, ते मी आज पाहिलं. मी हात पुढे केले. ठमी आली आणि जोराने रडायला लागली. मनगटावर आकडा होता एकशे बारा.

मी तिला आईंकडे परत दिली. स्टूल ओढलं, माळ्यावर चढले, आकाशकंदिलांचं खोकं उघडलं. गाऊन खाली आणला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

आई खालून बघत होत्या.

"धुवायला नव्हता टाकला," मी म्हटलं. "मीच ठेवला होता."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "आकाशकंदिलाचं खोकं सोमवारी माळ्यावर पुढे आलेलं दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मी पण सून होते कधीतरी. निहार माझ्या सासूबाईंशिवाय जेवायचा नाही. मी त्यांचा चष्मा लपवला होता." त्या हे अशा सुरात म्हणाल्या जसं कुणी भाजीत मीठ घातल्याचं सांगावं.

मी ठमीला घेतलं. तिने जांभळ्या फुलांमध्ये नाक खुपसलं, एकदा हुंदका दिला आणि मुठीत कापड धरलं. खांदा माझाच होता. मी पट्ट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि मग सोडूनच ठेवला.

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "ओवी, आता तुझंही एक काहीतरी दे मला. न धुतलेलं."

"माझं?"

"दुपारी दीड-दोनला ती रोज दाराकडे रांगत जाते. तिथे बसते. आवाज दिला तरी येत नाही. तू साबण लावून, कपडे बदलून येतेस, मग तुझं म्हणून माझ्याकडे काहीच नसतं तिला द्यायला."

मी हे कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. दुपारी दीडला मी पागेत असते, दुसऱ्यांची पिल्लं मोजत.

गळ्यातली ओढणी मी एका हाताने सोडवली. सकाळपासूनची, गवताच्या काड्या लागलेली, लवंगच्या लाळेने एका टोकाला कडक झालेली. "याला घोड्यांचा वास येतोय, आई."

"येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि ती घेऊन पाळण्याच्या कडीला गाठ मारायला वाकल्या. "तिला तुझा तोच माहीत आहे."